कवचाची पारख

गॅलियम आणि इंडियमचा द्रव मिश्रधातू पहिल्यांदा हाताळणाऱ्याला दोन गोष्टी चटकन जाणवतात. सिरिंज दिसते त्यापेक्षा बरीच जड लागते, आणि सुईच्या टोकाशी आलेला थेंब गोल होत नाही. लांबुळका, किंचित सुरकुतलेला, जसा बाहेर आला तसाच तो काचेवर पडून राहतो. वजनाने ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियम घेतलं की साडेपंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारा हा मिश्रधातू तयार होतो. एकटं गॅलियम वितळायला जवळजवळ तीस अंश लागतात. या मिश्रधातूचा पृष्ठताण पाण्याच्या आठ-नऊ पट आहे. त्या हिशेबाने थेंबाने तत्काळ गोळा व्हायला हवं. तो होत नाही, कारण हवा लागताक्षणी त्याच्यावर गॅलियम ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा थर धरतो, आणि एवढासा थर अख्ख्या थेंबाला जागच्या जागी धरून ठेवतो. मायकल डिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या मिश्रधातूबद्दल जो शोधनिबंध लिहिला, त्याचा आधार हाच होता: हा धातू वाहतो, पण त्याच्या कातडीमुळे त्याला आकार देता येतो.

माझं काम या कातडीच्या वर पॉलिमरचं दुसरं कवच चढवण्याचं होतं. थेंबावर नाही, त्याच्या नॅनोकणांवर. माटुंग्याला रंग आणि लेपांचं तंत्रज्ञान शिकलो, तारापूरला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी केली आणि मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधनाला गेलो. रंगातून धातूच्या नॅनोकणांकडे वळलो तेव्हा बऱ्याच जणांना ती मोठी उडी वाटली. मला तसं कधी वाटलं नाही. द्रवात न विरघळणारी जड भुकटी, तिच्याभोवती पॉलिमर आणि ती टिकवण्याची खटपट, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

कण करण्याची रीत सोपी आहे. काचेच्या लहान बाटलीत इथेनॉल घ्यायचं, त्यात पॉलिमर किंवा कणाला धरणारा लहान रेणू विरघळवायचा आणि तळाशी धातूचा एक थेंब सोडायचा. बाटली बर्फात बसवायची आणि सोनिकेटरची टायटॅनियमची दांडी द्रवात उतरवायची, थेंबापासून थोडी वर. कानांवर मफ चढवून यंत्र चालू केलं की दांडीचं टोक सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतं. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग थेंबाच्या कडेवरून करड्या रंगाची एक रेघ सुटते, वर येते, वळते, आणि बघता बघता सगळी बाटली काळपट होते. आत थेंब उरला आहे की नाही हे आता डोळ्यांना कळत नाही. बाटली तिरकी करून तळाशी काही घरंगळतंय का ते पाहावं लागतं. बर्फ वितळत आला की यंत्र थांबवून नवा बर्फ भरायचा. यात आळस करून चालत नाही. हे काम तापमानावर फार अवलंबून आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

या बाटलीत काय घडलं, त्याचा हिशेब मी नव्या विद्यार्थ्यांना कागदावर करायला लावत असे. एक ग्रॅम धातूचा एकच गोल थेंब असेल, तर त्याचा पृष्ठभाग दीड चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच ग्रॅमचे १०० नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर पृष्ठभाग साडेनऊ चौरस मीटर होतो, म्हणजे एका लहान खोलीची फरशी. त्या सगळ्या फरशीवर ऑक्साइड धरणार आहे. थर तीन नॅनोमीटरचा धरला, तर १०० नॅनोमीटरच्या कणाच्या आकारमानाचा सहावा हिस्सा ऑक्साइडचाच होतो. मिलिमीटरभर थेंबाच्या बाबतीत नगण्य असलेली गोष्ट इथे जमाखर्चातली मोठी रक्कम बनते. हा थर पुढे वाढत राहिला तर कण धातूचा उरतच नाही. म्हणून पॉलिमर हवं: कण एकमेकांना चिकटू नयेत, आणि बाहेरचं पाणी व ऑक्सिजन आत पोचायला वेळ लागावा. ही दोन वेगळी कामं आहेत. या लेखात मला जे सांगायचं आहे, ते या वेगळेपणाबद्दलच आहे.

आधी, पॉलिमर धातूला धरतं कसं? खरं तर ते धातूला धरतच नाही, ऑक्साइडला धरतं. २०११ साली सल्फर असलेले थायॉल रेणू वापरून सोनिकेटरने असे कण केले गेले आणि या विषयाला वेग आला. सोन्याच्या नॅनोकणांवर थायॉल उत्तम बसतात, म्हणून सगळ्यांनी आधी तेच उचललं. पण सोन्यावर ऑक्साइड नसतं, गॅलियमवर असतं. ऑक्साइडवर चांगली पकड हवी असेल तर माझा कौल फॉस्फॉनिक आम्लाच्या टोकाला आहे. त्याखालोखाल कॅटेकॉल, म्हणजे शिंपल्याच्या चिकट धाग्यात असतो तो गट. डोपामिन आपोआप साखळत जाऊन जवळपास कुठल्याही पृष्ठभागावर थर देतं, हे २००७ पासून सर्वांना माहीत आहे. तेही आम्ही वापरलं. मात्र डोपामिनला साडेआठच्या आसपास पीएच लागतो, आणि गॅलियम ऑक्साइड दहाच्या पुढे विरघळू लागतं, तसंच तीनच्या खालीही. त्यामुळे त्या बाटलीपाशी पीएच मीटर घेऊन बसावं लागतं. द्रावण आधी तपकिरी, मग काळं होत जातं. ते कधी थांबवायचं, हा निर्णय रंगावर सोडायचा नाही. आधी ठरवलेल्या वेळेला कण काढून धुऊन घ्यायचे.

दुसरा प्रश्न पॉलिमर तयार करून आणून चिकटवायचं की कणावरूनच उगवायचं हा. तयार साखळी आणली की पहिल्या काही साखळ्या बसतात आणि आपल्या पसाऱ्याने मागून येणाऱ्यांची वाट अडवतात; थर विरळ राहतो. कणावर आधी लहान आरंभक रेणू बसवले आणि त्यांच्यापासून एकेक मोनोमर जोडत साखळी वाढवली, तर ती दाट उभी राहते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१९ साली द्रवधातूच्या कणांवर हे करून दाखवलं गेलं. ज्या पॉलिमरीकरणाने ते साधलं, ते १९९५ साली तिथल्याच क्रिस्तोफ मातिजासेव्स्की यांनी मांडलं होतं. दाट साखळ्यांचे असे कण सेंद्रिय द्रवांत झकास पसरतात. करायला मात्र ही रीत जिकिरीची आहे. ऑक्सिजन आत शिरू द्यायचा नाही, तांब्याचा उत्प्रेरक नंतर धुऊन काढायचा, आणि प्रत्येक धुण्यात थोडा माल हातचा जातो.

धुण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजच्या बाजूला मोठ्या अक्षरांत पाटी होती: या धातूला ॲल्युमिनियमजवळ आणू नये. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणाकणांमधल्या सीमांतून आत झिरपतं आणि चांगला जाड तुकडा हाताने मोडण्याइतका ठिसूळ करतं. सेंट्रिफ्यूजचे बरेच रोटर ॲल्युमिनियमचे असतात, आणि मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारा रोटर ठिसूळ होणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे नळीचं बूच दोनदा तपासायचं, बाहेरून पुसायचं, आणि ॲल्युमिनियमची फॉइल त्या टेबलावर ठेवायचीच नाही, हा नियम कोणी मोडत नसे. आता कोणी या कामाला हात घालणार असेल तर पहिल्या दिवशी ती पाटी लावावी, मग बाकीचं.

आता कण तळाशी बसण्याबद्दल. तारापूरला आमच्या विभागात एक वयस्कर फोरमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेले रंगाचे डबे तपासायला काढले की मी वरचा रंग बघायचो, आणि मामा पोलादी पट्टी थेट तळापर्यंत घालायचे. रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो, तो खाली येणारच. मामांचं म्हणणं एवढंच असे, "साहेब, बसला तर बसू द्या. पट्टी फिरवली की उठला पाहिजे." पट्टी सहज फिरली, तळ मऊ लागला आणि ढवळल्यावर रंग एकजीव झाला, की डबा पास. पट्टी तळाला टेकून थांबली, रंगद्रव्याचा घट्ट थर झाला असला, की वरचा रंग कितीही सुरेख दिसो, ती बॅच नापास.

द्रवधातूच्या कणांकडे मी याच नजरेने पाहायला लागलो. या मिश्रधातूची घनता पाण्याच्या सव्वासहा पट आहे. १०० नॅनोमीटरचा कण पाण्यात दिवसाला सुमारे अडीच मिलिमीटर खाली येतो, एक मायक्रोमीटरचा तासाला सेंटिमीटरभर. कणाभोवती जगातलं सर्वोत्तम पॉलिमर लावलं तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही. लेप फार तर कणाला थोडा फुगवतो आणि त्याची सरासरी घनता कमी करतो. खरी गोष्ट तळाशी कळते. नुसत्या इथेनॉलमध्ये, लेपाशिवाय केलेले कण बसले की राखाडी चकती होते. बाटली हलवली तर चकतीचे तुकडे सुटतात, पण पुन्हा पूर्वीची दाट काळी शाई होत नाही. चांगल्या लेपाचे कण बसलेले असले तरी बाटली दोनदा उलटी-सुलटी केली की सगळं उठतं. साखळ्या मध्ये उभ्या असल्याने कण एकमेकांना भिडलेलेच नसतात.

यावर आमच्या गटात वाद व्हायचे. तळाशी गाळ दिसला की नमुना टाकून द्यावा, असं बऱ्याच जणांना वाटे. मी बाटल्या टाकू देत नसे. उठणारा गाळ हा लेपाच्या बाजूचा पुरावा आहे, विरुद्धचा नाही, हे मला अजूनही ठामपणे वाटतं.

पण यापेक्षाही गंभीर प्रकार दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो कारखान्याने मला शिकवला नव्हता. टायटॅनियम डायऑक्साइड डब्यात पडून बदलत नाही; द्रवधातू बदलतो.

पाण्यात पसरलेल्या, पाण्यावर प्रेम करणाऱ्या पॉलिमरने मढवलेल्या कणांची एक बाटली आमच्याकडे होती. गाळ अगदी थोडा. प्रकाश विखुरण्यावरून आकार सांगणारं यंत्र सरासरी आकार जवळजवळ पूर्वीइतकाच दाखवत होतं. कागदावर सगळं छान. फक्त दोन गोष्टी खटकत होत्या. रंग काळपट राखाडीवरून फिकट होत चालला होता, आणि झाकण उघडताना हलकासा वायू सुटल्याचा आवाज यायचा. त्यातला एक थेंब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जाळीवर घेतला. पडद्यावर गोल कण फार कमी होते. त्यांच्या जागी लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, तांदळाच्या दाण्यासारखे कण विखुरलेले होते, आणि अधूनमधून लहान गडद ठिपके. क्ष-किरण विवर्तनाने शिक्कामोर्तब केलं: गॅलियम ऑक्सिहायड्रॉक्साइड. गॅलियमने पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडला होता, स्वतः पांढऱ्या स्फटिकांत गेलं होतं आणि इंडियम मागे उरलं होतं. आमच्या बाटलीत छान तरंगणारं, मोजमापात बसणारं काहीतरी होतं, पण तो द्रवधातू नव्हता.

पॉलिमरने आपलं एक काम चोख केलं होतं, कणांना दूर ठेवण्याचं. दुसरं त्याच्याकडून होण्यासारखंच नव्हतं. पाण्याशी जमवून घेणारी साखळी पाण्यात फुलते, आणि फुललेल्या साखळीतून पाण्याचे रेणू सहज आत जातात. पाण्यात पसरण्यासाठी निवडलेला गुणच पाण्याला वाट देतो. बर्फाबद्दल मी आग्रही का, तेही इथे कळेल. पाणी तापलं की ही क्रिया झपाट्याने होते. बर्फ न घालता पाण्यात सोनिकेटर चालवत राहिलं, तर कण बनता बनताच त्यांतलं गॅलियम संपायला लागतं. यावर उपाय आहेत. आत पाण्याला विरोध करणारा आणि बाहेर पाण्याशी जमवणारा असे दोन थर देता येतात, साखळ्या आडव्या जोडून जाळं घट्ट करता येतं, कण इथेनॉलमध्ये साठवून वापरायच्या वेळी पाण्यात आणता येतात. शेवटचा उपाय साधा आहे, आणि मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो.

मग लेप जितका जाड तितका चांगला का? तेही नाही. १०० नॅनोमीटरच्या कणावर १० नॅनोमीटरचा घट्ट लेप चढवला, तर एकूण आकारमानातला जवळजवळ ४२ टक्के भाग लेपाचा होतो. ज्याला या कणांची वीज वाहणारी शाई करायची आहे, त्याच्यासाठी हा निम्म्याच्या जवळ गेलेला भाग विजेला अडवणारा आहे. अशा शाईची पट्टी काचेवर ओढून वाळवली की मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. प्रत्येक कण ऑक्साइडच्या आणि पॉलिमरच्या कवचात बंद असतो. मग लाकडी काडीच्या बोथट टोकाने दाब देत एक रेघ ओढायची. काडीखाली राखाडी रंग चंदेरी होत जातो. कवचं फुटतात, आतला धातू बाहेर येतो आणि एकमेकांत मिसळतो. मल्टिमीटरची टोकं रेघेच्या दोन्ही बाजूंना टेकवली की तो वाजतो. शेजारी, जिथे काडी लागलेली नाही तिथे, पूर्ण शांतता. दाबाने कण जोडण्याची ही रीत पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली मांडली होती. ती पाहताना मला दर वेळी आनंद व्हायचा. आमच्या लेपांपैकी काही असे होते की काडीने काच ओरखडली तरी रेघ वाजत नसे. साठवणीच्या परीक्षेत तेच सगळ्यांत वर होते.

औषधाच्या बाबतीत अपेक्षा आणखी वेगळी. २०१५ सालीच झेन गू आणि डिकी यांच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या गटांनी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध द्रवधातूच्या कणांवर बसवून उंदरांवर वापरलं. त्या कणांवरच्या लेपात हायल्युरॉनिक आम्ल होतं, म्हणजे कण गाठीच्या पेशींकडे ओढले जावेत. आणि पेशीच्या आत आम्लता वाढली की कण एकमेकांत मिसळावेत, औषध सुटावं, धातूही हळूहळू विरघळावा अशी योजना होती. तिथे महिनोन्‌महिने न विरघळणारा लेप म्हणजे दोषच. एकाच धातूचे, एकाच आकाराचे कण. शाईवाल्याला दाबाखाली फुटणारं कवच हवं, औषधवाल्याला आम्लात उघडणारं, आणि रबरात कण मिसळून उष्णता वाहून नेणारं लवचिक साहित्य करणाऱ्याला रबराशी जोडलं जाणारं, जे मुळीच सुटणार नाही असं. यातल्या कुठल्याही एकाला उत्तम लेप म्हणून बाकीच्यांच्या वर बसवण्यात काही अर्थ नाही.

म्हणून शोधनिबंधात 'कण स्थिर राहिले' एवढंच वाक्य आलं की मी थांबतो. कोणत्या द्रवात? किती तापमानाला? बूच बंद होतं की उघडं? बसले होते का, आणि हलवल्यावर उठले का? त्या मुदतीनंतर आत धातू उरला होता हे कशावरून ठरवलं? आकार मोजून हे ठरत नाही. विवर्तन, सूक्ष्मदर्शक किंवा निदान तापमान खाली नेऊन धातू गोठतो-वितळतो का, याची नोंद लागते. ही माहिती नसलेला लेप कितीही नवा असला तरी मी तो वापरायला घेत नाही.

पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळांतले विद्यार्थी आता या विषयाकडे येताना दिसतात, तेव्हा त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. आपल्याकडची हवा दमट आणि गरम आहे. परदेशातल्या वातानुकूलित खोलीतले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. प्रत्येक बॅचमधली एक बाटली खोलीच्या तापमानाला, कपाटात, हात न लावता ठेवून द्या. तिच्यावर द्रवाचं नाव, पॉलिमर, तापमान आणि तारीख शाईने लिहा. ठरलेल्या मुदतीने ती काढा, तळ बघा, हलवा, थोडा नमुना सूक्ष्मदर्शकाला द्या, आणि जे दिसेल ते छापा, धातू उरला नसेल तर तेही छापा.